दत्ताभाऊंचा संगणक बोलेना

"सपोर्ट संपला म्हणजे नेमकं काय होतं हो, यासीनभाई?"

काळेवाडीत दुधाच्या दुकानापाशी हा प्रश्न मला विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, आणि एकदा दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घालून विचारला होता. तोंड रिकामं झाल्यावर मी म्हणालो, "काहीच होत नाही. तीच तर पंचाईत आहे."

खरंच काही होत नाही. संगणकात एक मूळ व्यवस्था असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम तिच्या भरवशावर चालतात. ती बनवणारे लोक दर महिन्याला तिची डागडुजी पाठवत असतात, कारण चोरट्यांना रोज नवीन भोकं सापडतात आणि ती बुजवावी लागतात. मग एक दिवस ते जाहीर करतात की अमुक तारखेपासून या जुन्या आवृत्तीची डागडुजी बंद. त्या तारखेला तुम्ही धास्तावून बटण दाबता आणि संगणक नेहमीसारखा सुरू होतो. दुसऱ्या दिवशीही होतो. लोक मला म्हणतात, तुम्ही उगाच घाबरवलंत. पण भोकं तेव्हापासून उघडीच राहतात. वर्षभराने नवा प्रिंटर त्याला ओळख दाखवत नाही. मग बाकीच्या प्रोग्रामांचे मालकही कळवतात, आता आम्ही इथे येणार नाही. असं एकेक करून सगळे निघून जातात आणि तो संगणक मात्र दर सकाळी वेळेवर उठत राहतो.

माझं काम अशा संगणकांना टेबलावरून उतरवायचं आणि त्यांच्या जागी नवे बसवायचे. ठेकेदार कंपनीत नोकरी, आणि भोसरीपासून चाकणपर्यंत ज्या कारखान्याने बोलावलं तिथे जायचं. सुरुवात मी टाइपरायटर दुरुस्तीने केली होती, त्यामुळे जुन्या वस्तूंचा लळा आधीपासूनच. एखाद्या मशीनला कोणी "हे आता चालणार नाही" म्हणालं की माझे कान टवकारायचे. का नाही चालणार? कोण म्हणतं?

चिखलीत गव्हाणे म्हणून एक जुने गावकरी आहेत. शेतातल्या गोठ्याच्या जागी त्यांनी वर्कशॉप टाकलं. तिथे तारेने पोलाद कापणारं मोठं मशीन आहे आणि त्याला जोडलेला संगणक विंडोज एक्सपी या जुन्या सिस्टिमवर चालतो. एक्सपीचा सपोर्ट संपला तेव्हा मी त्यांना समजवायला गेलो.

"आरं यासीन, त्यो चालतोय की! बटन दाबलं का उठतोय. माझी म्हस बी इतक्या शाण्यावानी उठत न्हाई."

"काका, बाहेरून कोणी घुसलं तर?"

"मग घुसायचं दार बंद कर. मशीन कशापायी बदलू?"

मशीनवाल्यांचं म्हणणं होतं की नुसता संगणक बदलता येत नाही, अख्खं मशीनच नवं घ्या. मला गव्हाणेकाकांचं पटलं. मी नेटची वायर काढून टाकली, मागची रिकामी भोकं पट्टी लावून बुजवली, आणि डिझाइन आणायला एकच पेनड्राइव्ह ठरवून दिला. तो आधी दुसऱ्या संगणकावर तपासायचा आणि मगच इथे लावायचा. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. म्हणाले, "तुजा बंदोबस्त येगळा, माजा येगळा." ते मशीन आजही पोलाद कापतंय.

अशा चार-सहा गोष्टी जमल्या आणि मला वाटायला लागलं की जुन्या संगणकांबद्दल या पट्ट्यात माझ्याइतकं कोणाला कळत नसेल. हा ताठा चाकणच्या एका कारखान्यात उतरला, तेच आज सांगायचं आहे.

गाड्यांच्या दारांना लागणारी रबराची पट्टी तिथे बनते. विंडोज सेव्हनचा सपोर्ट संपला होता आणि ज्या मोठ्या कंपनीला हे लोक माल देत तिने कळवलं होतं की तपासणीला येऊ तेव्हा नेटवर्कवर एकही जुनी सिस्टिम दिसता कामा नये. तपासणी पुढच्या बुधवारी. कारखान्याचं संगणक खातं अनुजा मॅडम बघायच्या. बोलायला तुटक, पण कामाला सरळ बाई. त्यांनी माझ्या हातात यादी दिली. प्रत्येक ओळीत विभागाचं नाव, संगणकाचा नंबर आणि शेवटी एक चौकोन.

"तांबोळी, एक चौकोन जरी लाल राहिला तरी तपासणारा सगळी यादी लाल धरतो."

"एकही राहणार नाही, मॅडम."

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्या गुरुवारी ऑफिसचा सगळा मजला रिकामा होता. आम्ही सकाळी सुरुवात केली आणि चहा सोडून कशासाठी थांबलो नाही. रिसेप्शनच्या मागे काचेची एक लहान केबिन होती. यादीत लिहिलं होतं, 'टेलिफोन, एक'. तिथला जुना संगणक मी स्वतः उतरवला. पडद्यावर कानाचं चित्र असलेलं एक चिन्ह होतं. कोणीतरी गाणी ऐकायला काहीतरी टाकलं असेल, असं समजून मी ते ओलांडून गेलो. फायली नव्या संगणकावर उतरवल्या, चौकोन हिरवा केला, आणि 'काम पाहिलं' या रकान्यात सही रिसेप्शनवर ड्यूटीला असलेल्या बाईंची घेतली.

शुक्रवारी सकाळी नऊला अनुजा मॅडमचा फोन आला. "टेलिफोनचा संगणक बोलत नाही म्हणतायत."

मी म्हणालो, "टेलिफोनचा संगणक बोलेल कशाला?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही या. लगेच या."

केबिनमध्ये पन्नाशीच्या आतबाहेरचा एक माणूस कानाला हेडफोन लावून बसला होता. इस्त्रीचा शर्ट, खिशाला ओळखपत्र. दोन्ही हात कीबोर्डवर, आणि चेहरा माझ्याकडे न वळवता किंचित वर. त्याने एक कळ दाबली, वाट पाहिली. दुसरी दाबली, वाट पाहिली. त्या केबिनमध्ये मी आदल्या दिवशी अर्धा तास काढला होता, आणि तिथे बसणारा माणूस अंध आहे हे मला ठाऊक नव्हतं.

त्यांचं नाव दत्ता सोनवणे. परभणीकडचे. वयाच्या नवव्या वर्षी दृष्टी गेली, अंधशाळेत शिकले, टेलिफोन ऑपरेटरचा कोर्स केला आणि बऱ्याच वर्षांपूर्वी चाकणला आले. फोनवर अगदी रेडिओसारखं स्वच्छ बोलायचे. फोन ठेवला की परभणी.

"कोण आलंय?"

"मी तांबोळी. काल संगणक बदलला तो मीच."

"बरं झालं आलात. ह्ये बोलंना गेलंय. सकाळपून मी नुसता कळा दाबायलोय."

मग मला कळलं. जुन्या संगणकात एक प्रोग्राम होता. पडद्यावर जे काही येईल ते तो दत्ताभाऊंना वाचून दाखवायचा. मराठीत, इंग्रजीत, आकडे, नावं, सगळं. कानाचं चिन्ह त्याचंच. मी त्या माणसाचं सगळं काम बंद पाडलं होतं आणि यादीत ते हिरवं दाखवलं होतं.

मी माफी मागायच्या आधी दुरुस्तीला लागलो. आमच्या धंद्याची ही सवयच आहे. नव्या सिस्टिममध्ये वाचून दाखवणारा आवाज मिळतो हे माहीत होतं. तासाभरात चालू केला. एका बाईचा आवाज होता, गोड, अगदी माणसासारखा. मला वाटलं, जुन्यापेक्षा उत्तम काम झालं.

दत्ताभाऊंनी दोन-तीन ओळी ऐकल्या. "छान बोलतीया. पर मला गोष्ट ऐकायची न्हाई साहेब, नंबर पाहिजेल. पटकन बोलव की तिला."

मी वेग वाढवला. आणखी वाढवला. बाईंचे शब्द एकमेकांत घुसायला लागले. 'पर्चेस' आणि 'पॅकिंग' यांच्यात फरकच कळेना. तेवढ्यात दोन फोन वाजून बंद झाले.

"जुना आवाज कसा होता?" मी विचारलं.

ते हसले. "तुमाला न्हाई सांगता यायचं. ऐकावा लागतो."

जुने संगणक भंगाराच्या शेडमध्ये होते. त्यांच्या डिस्कवर कंपनीची माहिती असते, म्हणून त्यांना ड्रिलने आरपार भोक पाडायचा नियम, आणि ते काम शनिवारी सकाळी होणार होतं. अनुजा मॅडमना गाठलं. त्यांनी आधी नाही म्हटलं, मग विचारलं, "नेटवर्कला लावणार नाही ना?"

"वायरच घेऊन जात नाही."

शेडमधून तो संगणक शोधून काढला, केबिनच्या कोपऱ्यात स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. दत्ताभाऊंनी हेडफोनचं एक टोक माझ्या कानाला लावलं आणि टेलिफोनची यादी उघडली.

पत्र्याच्या डब्यात माशी अडकावी तसा आवाज. मला एक अक्षर कळलं नाही. मी डोळे मिटले, तरी कळलं नाही.

"काय म्हणालं?"

"म्हणालं की देशपांडे क्वालिटी दोनशे एकतीस, देशमुख स्टोअर दोनशे सात, धुमाळ डिस्पॅच एकशे नव्वद, धोत्रे रजेवर."

मी पडद्यावर पाहिलं. चारही नावं तिथे होती. माझे डोळे दुसऱ्या नावावर असताना त्यांचा कान चौथं नाव ओलांडून गेला होता. उभा जन्म मी संगणकांमध्ये काढला, पण संगणक असाही वाचता येतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी परत परत लावायला सांगितलं. सात-आठ वेळा ऐकल्यावर मला 'रजेवर' एवढं कळलं आणि मी उडालोच. दत्ताभाऊ म्हणाले, "शिका, शिका. मला दोन वर्ष लागली हुती."

तिथे मला माणसासारखा आवाज का चालेना ते उमगलं. जिवंत माणसाचा आवाज पळवला की फाटतो. हा पत्र्याचा आवाज मुळातच यंत्राचा, त्यामुळे कितीही पळवला तरी त्याची अक्षरं जागच्या जागी राहायची.

शनिवारी मी तो जुना प्रोग्राम नव्या संगणकावर चढवायचा सगळा खटाटोप केला. चढेना. नवी सिस्टिम त्याला दारातूनच परत पाठवायची. तोपर्यंत वरच्या मजल्यावर वेगळी चर्चा सुरू झाली होती. अनुजा मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तांबोळी, मंगळवारपर्यंत जमलं नाही तर ऑपरेटरची जागा रद्द करून यंत्रावर टाकतील. एक दाबा, दोन दाबा, तसलं. ही टूम आधीपासून होतीच. आता त्यांना कारण मिळालं."

"आणि सोनवणे?"

"दुसरं काम बघू म्हणतायत." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "दुसरं काम म्हणजे काय असतं ते तुम्हालाही माहीत आहे."

जुना संगणक नेट तोडून तिथेच ठेवावा, गव्हाणेकाकांसारखा, हे माझ्या मनात आलं होतं. पण टेलिफोनची यादी, कोण आलं, कोण गेलं, कोण रजेवर, सगळं नेटवर्कवरून यायचं. वायर काढली तर दत्ताभाऊंकडे उरणार होती ती गेल्या गुरुवारपर्यंतची यादी. आणि वायर लावून चोरून ठेवावा, हेही मनात आलं नाही असं नाही. ते मी दत्ताभाऊंना बोलून दाखवलं.

ते म्हणाले, "आन् सापडलं तर? लोकं म्हणतील आंधळ्यापायी ऑर्डर गेली. मला ते नगं." मग हेडफोन गळ्यात उतरवून, "तुमी मला ईचारलं कामून न्हाई? सही कुणाची घेतलीत?"

"रिसेप्शनच्या बाईंची."

"मी शुक्रवारी यायचोच की."

आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हणालो, "चुकलो, दत्ताभाऊ." त्यांनी मान हलवली आणि ड्रॉवरमधून एक सीडीची डबी काढून माझ्या हातात दिली. जुन्या प्रोग्रामची. मागे चिंचवडचा पत्ता होता आणि एक फोन नंबर. "ह्यो नंबर मी लई वर्ष लावला. आता केकचं दुकान उचलतंय."

मी त्याच संध्याकाळी चिंचवडला गेलो. पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहत होतं, पण शेजारच्या आजोबांना सगळं आठवत होतं. कंपनी म्हणजे दोन माणसं, एक बाई आणि त्यांचा भाऊ. भाऊ परदेशी गेला, कंपनी मिटली, बाई पिंपळे सौदागरला राहायला गेल्या. आजोबांनी सोसायटीचं नाव सांगितलं.

तसाच तिथे गेलो. त्या बाईंनी, मेधाताईंनी, दार अर्धंच उघडलं. मी कुठल्यातरी वस्तूची जाहिरात करायला आलोय असं त्यांना वाटलं असावं. मी डबी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा वर केला.

"ही अजून कोणाकडे आहे?"

"चाकणला एक ऑपरेटर रोज वापरतात. बुधवारपर्यंत वापरत होते."

त्यांनी दार पूर्ण उघडलं.

मूळ प्रोग्राम कसा लिहिला होता ते कागद, त्या फायली त्यांच्याकडे नव्हत्या. ज्या डिस्कवर होत्या ती कधीच निकामी झाली होती. "आम्ही सपोर्ट बंद केला असं लोक म्हणायचे," त्या म्हणाल्या. "खरं तर आम्हीच बंद पडलो. मराठी बोलणारा संगणक हवाय असं सगळे म्हणत, विकत घ्यायला चारच जण येत."

मग त्यांनीच मार्ग सुचवला. जगभरच्या अंध लोकांनी आणि त्यांच्या दोस्तांनी मिळून बनवलेला एक वाचक प्रोग्राम आहे, फुकट मिळतो. त्यातही यंत्राचाच आवाज आहे, पत्र्यासारखा. पळवला तरी फाटणार नाही. "पण त्याचं मराठी परकं आहे. तो च आणि ज चुकतो."

"म्हणजे?"

"चाकातला च वेगळा, चिखलीतला वेगळा. जाधवांचा ज वेगळा, जेजुरीतला वेगळा. लिहायला एकच अक्षर. आपण बोलताना विचारही करत नाही. यंत्राला प्रत्येक शब्द शिकवावा लागतो." त्या आत गेल्या आणि दोनशे पानी वह्यांची चवड घेऊन आल्या. आडनावं, गावं, रोजचे शब्द, आणि प्रत्येकापुढे तो कसा उच्चारायचा ते त्यांच्या बारीक अक्षरात. "माझ्या भावाने यंत्र केलं. हे मी केलं."

रविवारी सकाळी नवा प्रोग्राम बसवला. दत्ताभाऊंनी यादी उघडली आणि पहिल्याच पानावर हेडफोन काढला.

"ह्यो जाधव कुठला? दिल्लीहून आलाय का?"

आवाज पळत होता, पण दर दोन-तीन नावांमागे त्यांच्या कानाला ठेच लागत होती. एवढ्या वह्या टाइप करायच्या कधी आणि कोणी? मला मराठी टाइप करायला एका बोटाने यायचं. दत्ताभाऊंना दहा बोटांनी यायचं, पण वही दिसणार कशी? मग त्यांनीच विचारलं, "त्या मॅडमचा नंबर हाय का?"

तिथून मंगळवारपर्यंत त्या केबिनमध्ये जे चाललं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. मेधाताई पिंपळे सौदागरहून फोनवर वही वाचायच्या, दत्ताभाऊ चाकणला टाइप करायचे.

"चव्हाण. त् ला स जोडून लिहा."

"लिवलं. एक मिनिट मॅडम, कॉल हाय." आणि लगेच तो रेडिओचा आवाज, "नमस्कार, गुड मॉर्निंग, कोणाशी बोलायचं आहे आपल्याला? जोडून देतो." आणि परत, "हां मॅडम, चव्हाण झाला. फुडं?"

सोमवारी दुपारी मेधाताईंनी विचारलं, "सोनवणे, आमच्या जुन्या आवाजात काही खोट होती का?"

दत्ताभाऊ खुर्चीत सरळ बसले. "सांगू का? राग न्हाई ना यायचा? सव्वीस म्हणताना त्यो अडखळायचा. ज्ञानेश्वर नाव आलं का नुसतं खाकरायचा. आन् पूर्णविरामाला इतका थांबायचा की मला वाटायचं बंद पडला." एकामागून एक दहा-बारा तक्रारी. ज्या सांगायला ते इतकी वर्षं तो केकच्या दुकानाचा नंबर लावत होते, त्या याच. पलीकडून काही ऐकू येईना म्हणून मी फोनचा आवाज वाढवला. मेधाताई म्हणत होत्या, "हळू सांगा हो, मी लिहून घेतेय."

आता लिहून काय उपयोग, असं मला वाटलं. पण त्यांनी प्रत्येक तक्रार पुन्हा वाचून दाखवली आणि नवा आवाज त्यातली कुठली चूक करतो ते एकेक करून तपासायला लावलं. सव्वीस तो बरोबर म्हणत होता.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत कारखान्यातली सगळी नावं आणि निम्म्या वह्या आत गेल्या. बुधवारी तपासणारा आला. तो केबिनच्या दारात उभा राहिला, पडद्याच्या कोपऱ्यातला सिस्टिमचा नंबर वाचला, यादीवर खूण केली आणि पुढे गेला. दत्ताभाऊंनी फक्त त्याच्या बुटांचा आवाज ऐकला. "झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "झालं." ऑपरेटरची जागा राहिली.

राखून ठेवलेली जुनी डिस्क त्याच दिवशी ड्रिलखाली गेली. दत्ताभाऊ स्वतः वर्कशॉपपर्यंत आले. काम झाल्यावर त्यांनी ती हातात मागून घेतली, आरपार भोकात बोट घालून पाहिलं आणि "गरम लागायलीय अजून," एवढंच म्हणून परत दिली.

इथे मी थांबलो तर तुम्हाला वाटेल सगळं ठीक झालं. तसं झालं नाही. नव्या आवाजाशी दत्ताभाऊंचा कान जुळायला बरेच महिने गेले. तोवर ते निम्म्या वेगाने ऐकत आणि निम्म्या वेगाने फोन जोडत. डोकं दुखायचं. कारखान्यात लोक म्हणायला लागले, ऑपरेटर हल्ली मंद झालाय, वय झालं. एकदा कॅन्टीनमध्ये माझ्याच टेबलावर हे बोलणं निघालं. मी भजी खात राहिलो. ते मंद झाले नाहीत, मी त्यांचा कान काढून नेला होता, एवढं वाक्य मला तिथे बोलायला हवं होतं. अजून ते कॅन्टीन आठवलं की तोंड कडू होतं.

त्यानंतर मात्र मी एक केलं. कोणाचाही संगणक उतरवण्याआधी त्याच्या शेजारी अर्धा तास बसायचं आणि ते काम कसं करतात ते बघायचं. ठेकेदार कुरकुरायचा. पण काय काय दिसलं म्हणून सांगू! स्टोअरमधले एक जण डावरे, सगळ्या कळांची अदलाबदल करून बसलेले. एक बाई पडदा मुद्दाम काळा-पांढरा ठेवायच्या, रंगांनी त्यांचं डोकं भणभणायचं. हे कुठल्याही यादीत लिहिलेलं नव्हतं. अनुजा मॅडमनी नंतर यादीत एक रकाना वाढवला, 'कोण वापरतं, कसं वापरतं', आणि सही त्याच माणसाची.

मी निवृत्त झालो. मग गेल्या वर्षी विंडोज टेनचीही पाळी आली. एका सकाळी दत्ताभाऊंचा फोन.

"साहेब, ह्यो मला रोज सकाळी वाचून दाखवायलाय, सपोर्ट संपणार म्हणून. ऐकलंत का?"

"ऐकलं. मी आता नोकरीत नाही, पण अनुजा मॅडमना सांगून येऊ का?"

"कशाला? मी ईचारलंय सगळं. आवाज नव्या सिस्टिमवर चालतोय. शब्दांची फाइल तीन ठिकाणी ठिवलीय, एक मेधा मॅडमकडं. त्यांनी उरलेल्या वह्याबी पुऱ्या करून घेतल्या माझ्याकडून. तुमी नुसतं बघायला या वाटलं तर."

मला राहवेना. बदलायच्या दिवशी चाकणला गेलो. आणि तो गुरुवार नव्हता. दत्ताभाऊंनी अनुजा मॅडमना सांगून आपल्या संगणकासाठी कामाचा दिवस मागून घेतला होता, ते स्वतः हजर असतील तेव्हाच हात लावायचा म्हणून.

नव्या ठेकेदाराकडून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या. नवा संगणक खोक्यातच होता. त्या स्टुलावर बसल्या होत्या, कानाला दत्ताभाऊंचा हेडफोन, कपाळाला आठ्या.

"काय कळलं?" दत्ताभाऊ विचारत होते.

"काहीच नाही हो. पुन्हा लावा ना."

त्यांनी पुन्हा लावलं. मी आलोय हे त्यांना माझ्या पावलांवरून कळलं असणार, कारण माझ्याकडे न वळता त्यांनी हाताने बाहेरचा सोफा दाखवला. मी रिसेप्शनवर बसलो, आलेला चहा घेतला. काचेपलीकडे बाई अजून ऐकतच होत्या, आणि खोकं कोणी उघडलं नव्हतं.